डाव्या स्पीकरची उलटी वायर

रात्रीची गोष्ट नाही ही. आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणाचा हिरमोड नको.

रविवारी दुपारी सुरू झाली. बाबांच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, पुढच्या खोलीत. पडदे उघडे होते. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, बादलीचा आवाज वरपर्यंत येत होता.

खरी आहे का, हे मला विचारू नका. मी लिहितेय तिथून हातभर अंतरावर ती वायर आहे. आलात तर दाखवीन.

हात मात्र लावू देणार नाही.

*

मी दात बनवते. डॉक्टर नाही, लॅबमध्ये. डॉक्टर साचे पाठवतात, मी त्यावरून कवळ्या करते. नवरा ओळख करून देताना म्हणतो, "अर्धं गाव हिच्या जोरावर हसतं."

आई गेली तेव्हा मी रडले नाही. कामावर लगेच गेले. सगळे म्हणाले, धीराची आहे हो. धीर वगैरे काही नव्हतं. दात काढायच्या आधी हिरडीत सुई देतात ना, तसं झालं होतं. बोट लावलं तर बोट लागल्याचं कळतं. पुढे काही नाही.

बाबांचं वेगळं होतं. त्यांचे कान चालले होते.

कानाच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "वाढत जाणार हे. आधी आवाज येईल पण शब्द लागणार नाहीत. मग आवाजही नाही. त्यांना जे ऐकायचंय ते आत्ताच ऐकून घेऊ द्या."

बाबांना एकच गोष्ट ऐकायची होती.

एक कॅसेट. तरुणपणी त्यांनी नवा डेक घेतला, दोन मायक्रोफोन लावले, आईला मधोमध उभं केलं आणि म्हणाले, बोल. आईचा जपून ठेवलेला आवाज तेवढाच. मी तेव्हा तिच्या पोटात होते.

पण सिस्टीम घुंई करायची. जुन्या वायरींच्या आतली, घुंई अडवणारी तांब्याची जाळी ठिकठिकाणी तुटली होती. बाबांच्या कानातलं यंत्र आईपेक्षा ती घुंईच जास्त उचलायचं. ते डेकसमोर वाकून बसायचे, एखाद्याने विहिरीत डोकावावं तसे.

"नवीन वायरी विकत आणू," मी म्हटलं.

"विकतच्या?" बाबा म्हणाले. मी जणू नवीन बाप विकत आणू म्हटलं होतं.

मग आम्ही घरी बनवल्या.

टेबलावर वर्तमानपत्र. वायर सोलायची. जाळीचे धागे सुईने विंचरून मोकळे करायचे, बाजूला घेऊन पिळायचे. आतली तार पिनमध्ये बसवून सोल्डरचा डाग द्यायचा. वरून नळी चढवून तापवायची, म्हणजे ती आकसून घट्ट बसते. बाबा वायर धरायचे, मी डाग द्यायचे. माझे हात असल्या कामाला सरावलेले आहेत.

"जाळी एकाच टोकाला जोडायची," बाबा म्हणाले. "दुसऱ्या टोकाला कापून सोडून द्यायची."

"का?"

"दोन्हीकडे जोडलीस तर घुंईला घरभर हिंडायला रस्ता मिळतो."

आई गेल्यापासून ते एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच बोलले.

डेकच्या वायरी झाल्या. स्पीकरच्या झाल्या. उजवा स्पीकर मी जोडला. डाव्याच्या मागे वाकून हात घालून तोही जोडला.

इथे चूक झाली.

आमच्या कामात सगळं समोरून बघायचं असतं. पेशंटची डावी बाजू म्हणजे माझी उजवी. डोकं आपोआप फिरवून घेतं. मी स्पीकरच्या मागे होते आणि डोक्याने ते समोरून पाहिल्यासारखं फिरवून घेतलं. लाल पिन काळ्यात. काळी लालमध्ये.

तेव्हा कळलं नाही. मी बटण दाबलं.

*

टिकटिक. खुर्ची सरकते.

बाबा: बोल.

आई: काय बोलू? भिंतीशी बोलल्यासारखं वाटतंय.

बाबा: काहीही बोल.

आई: काहीही? बरं. जेवायच्या टेबलावर जेवण सोडून सगळं आहे. वायरी आहेत, पक्कड आहे, तुमचा चष्मा आहे. उद्या घरात तिसरं माणूस येईल, ते काय डेकवर झोपवायचं?

बाबा: (हसतात.)

आई: हसू नका. झालं का? मला कामं आहेत.

खट्.

*

घुंई गेली होती. पार.

पण आईचा आवाज...

आईचा आवाज स्पीकरमधून आला नाही.

तो मागून आला. स्वयंपाकघराच्या दारातून.

मी वळून पाहिलं. दार उघडं होतं. ओट्यावर पातेलं पालथं घातलेलं होतं. कुणी नव्हतं.

बाबांनी वळून पाहिलं नाही.

"ऐकलंस, ठमे? शब्द न् शब्द," ते म्हणाले.

कानाचं यंत्र त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं.

*

वायरींचं सामान ज्यांच्याकडून आणलं होतं, त्या सोल्डरकाकांना मी बोलावलं. बाबांचे जुने दोस्त. आईला वहिनी म्हणायचे. त्यांनी मधोमध उभं राहून एकदा सगळं ऐकलं.

"डावा उलटा जोडलायस तू," ते म्हणाले.

"मग?"

"मग एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. मधला आवाज दोघं मिळून खाऊन टाकतात. वहिनी मध्ये उभ्या होत्या ना? त्यांचा आवाज पोकळ व्हायला हवा. पातळ."

"पातळ कुठे आहे, काका?"

काकांनी खिशातून एक सेल काढून वायरीला लावून पाहिला. उजव्याचा पडदा बाहेर आला. डाव्याचा आत गेला. उलटाच होता. त्यांनी तो सरळ केला आणि कॅसेट मागे नेली.

"आता ऐक. आता त्या मधोमध येतील."

*

टिकटिक. खुर्ची सरकते.

बाबा: बोल.

 

बाबा: काहीही बोल.

 

 

बाबा: (हसतात.)

 

खट्.

*

टिकटिक सगळी होती. बाबांच्या दोन वाक्यांमधली जागाही होती, तेवढीच. त्या जागेत कुणीच नव्हतं. तरुण बाबा रिकाम्या खोलीकडे बघून हसत होते.

"गेली ती," खुर्चीतले बाबा हळू म्हणाले.

काकांनी कुणी न सांगता वायर पुन्हा उलटी केली. पेचकस तिथेच विसरून निघाले. मी जिन्यापर्यंत गेले.

"पोरी, या धंद्यात माझे केस गेले," ते म्हणाले. "उलट्या वायरीने आवाज जातो. येत नाही कधी."

नंतर मी फोन केला तेव्हा त्यांच्या बायकोने उचलला. ते घरात नाहीत म्हणाली. मागे त्यांचा खोकला ऐकू येत होता.

*

बाबा रोज ऐकायला लागले. जेवू लागले. दाढी करू लागले. मी लॅबमधून सुटले की तिकडे जायचे. नवरा म्हणाला, "सासरेबुवा सुधारले की. मलाही जोड अशी एक वायर."

मग एका दुपारी कॅसेट संपली. खट् झालं. बटण वर आलं. मी उठणार...

"अहो, खिडकी लावा. वारा येतोय."

मागून.

कॅसेटवर हे वाक्य नव्हतं. कॅसेट फिरतच नव्हती.

बाबा उठले. त्यांनी खिडकी लावली. येऊन बसले.

"लावली गं," ते म्हणाले.

मी खुर्चीचे हात धरून बसून राहिले. भीती वाटायला हवी होती. बोट लागल्याचं कळलं. पुढे काही नाही.

त्यानंतर ती बोलतच राहिली. भाजी महाग झाल्याचं. बाथरूमच्या नळाचं. बाबा उत्तरं द्यायचे. आधी मोठ्याने. मग पुटपुटत. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की उत्तरं येताहेत आणि बाबांचे ओठ मिटलेले आहेत.

बाबांचा आवाजही मागून येत होता.

कॅसेटवरचा तरुण आवाज नव्हता तो. आत्ताचा. खोकल्यासकट.

डॉक्टरांनी तपासलं. कान पूर्ण गेले होते, बंद. घशात काही दोष नव्हता. "बोलायला काही हरकत नाही त्यांना," डॉक्टर म्हणाले. "बोलत का नाहीत, हे तुम्हीच विचारा."

विचारायला मी वायरीसमोर बसले. "बाबा," म्हटलं. "मी आलेय."

मागे...

आई: नाव काय ठेवायचं?

बाबा: मुलगी झाली तर ठमी म्हणू.

आई: शी. ठमी काय? पोर शाळेत जाईल ना उद्या.

बाबा: घरात म्हणू गं. जरा गोल झाली तर.

आई: होईलच. तुमच्यावर गेली तर होईलच.

दोघं हसले. मी हाक मारली. पुन्हा मारली. त्यांचं चालूच राहिलं. तिथे मी अजून व्हायची आहे.

खुर्चीतले बाबा माझ्याकडे बघून ओळखीचं हसले. जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याकडे बघून हसावं, तेवढं.

*

नवरा येऊन गेला. त्याला आवाज ऐकू आले. तो दारातच उभा राहिला, चप्पल काढली नाही.

"बंद कर हे," म्हणाला.

"वीज बंदच आहे. बघ."

गेली होती वीज. पंखा थांबलेला. डेकचा दिवा विझलेला. मी प्लगही काढून ठेवला होता. आई सांगत होती की दूध उतू जायच्या आत बघा.

"मग वायर काढ."

मी डावी वायर काढली.

खोली एकदम रिकामी झाली. किती आवाज होता ते तेव्हा कळलं.

आणि बाबांची छाती...

बाबांची छाती वर आली नाही.

डोळे उघडे. माझ्याकडे. राग नव्हता त्यात, घाईही नव्हती. नवरा त्यांचे खांदे धरून "बाबा, अहो बाबा" करत होता. मी पिन पुन्हा खोचली. लाल काळ्यात. काळी लालमध्ये.

"...लक्ष कुठे असतं तुमचं?" आई म्हणाली.

बाबांनी श्वास घेतला.

नवरा जमिनीवर बसला. मग म्हणाला, "दुसरी बनव. तशीच. आधी ती शेजारी लाव, मग ही काढ."

मी बनवली. तीच तार, तेच सोल्डर, तशीच उलटी जोडली. जुनी किंचित सैल करून पाहिली. बाबांचे ओठ निळे पडायला लागले.

दुसरी ही नुसती वायर आहे. तिच्यातून काही जात नाही.

तेव्हापासून मी इथेच राहते. लॅबमध्ये रजा टाकलीय. नवरा डबा आणून दारात ठेवतो. "किती दिवस?" असं त्याने एकदाच विचारलं.

*

आज सकाळपासून आवाज तुटतोय.

आईच्या वाक्यातले शब्द गळताहेत. "अहो... तेवढं... ठेवा." मध्ये कुरकुर. प्रत्येक कुरकुरीला बाबांचा श्वास अडखळतो, पुन्हा सुरू होतो.

मी टॉर्च धरून डाव्या स्पीकरच्या मागे पाहिलं. पिनेवरची नळी तडकून मागे सरकलीय. चांगला डाग चकाकतो, दातावरच्या पाण्यासारखा. हा मळकट झालाय. करडा. कडेला बारीक चीर. सोल्डर थंड व्हायच्या आत हात हलला की असा डाग होतो. वरून धरलेला दिसतो, आतून सुटलेला असतो. त्या दिवशी कुणाचा हात हलला, माझा की बाबांचा, आता काय सांगणार.

तो आपोआप सुटेल. आज किंवा उद्या.

किंवा मी तो पुन्हा तापवायचा. जागच्या जागी, वायर न काढता. पण सोल्डर वितळल्याशिवाय धरत नाही. आणि वितळलं की तार क्षणभर मोकळी होते. एक क्षणच. मग धरेल.

धरेल का, हे माहीत नाही.

नवऱ्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "थांब, मी येतो." मग म्हणाला, "नको, थांबू नकोस." फोन ठेवला नाही त्याने.

कावीळ झाल्यासारखं पिवळं ऊन आलंय खोलीत. बाबा खुर्चीत आहेत. त्यांच्या मांडीवर मी चादर घातलीय. टेबलाजवळ सोल्डर वितळवायची कांडी तापत ठेवली होती. आता ती माझ्या हातात आहे.

मी स्पीकरच्या मागे गुडघे टेकले. कांडीचं टोक डागाजवळ नेलं...

मागे दोघं बोलायचे थांबले.

आवाज तुटला नव्हता. ते थांबले. खोलीत कुणी आलं की माणसं थांबतात, तसे.

मी वाट पाहतेय. तेही पाहताहेत.

माझा हात अजिबात थरथरत नाहीये. एवढंच मला ठीक वाटत नाहीये.