राणी मेरीचं गाळलेलं वाक्य

यातलं एक अक्षरही मनाचं नाही. सलोनी पोहायच्या क्लासला गेलीय, मी बाहेर गाडीत बसून लिहितेय. चाळीस मिनिटं आहेत.

ईडन प्रेरी, मिनेसोटा. एप्रिलमधला गुरुवार. दुपारचे दोन.

लख्ख ऊन होतं.

सलोनी तिसरीत आहे. त्यांच्या शाळेत मुलं इतिहासातल्या माणसांचे वेष करून पुतळ्यासारखी बसतात. समोर चिकटवलेलं कागदी बटण दाबलं, की पुतळा आपली गोष्ट सांगतो.

सलोनीच्या वाट्याला इंग्लंडची राणी मेरी आली. तीनशे वर्षांपूर्वीची. वडिलांची गादी घेऊन तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, विल्यमनं, मिळून राज्य केलं.

"बाबा, शी टूक हर डॅड्स जॉब!"

"माझा पण घे गं बाई. सोमवारपासून ये," सौमित्र म्हणाला.

तिनं म्हणायच्या गोष्टीचं कार्ड मीच लिहिलं. इथले सगळेच आईबाप लिहितात.

एक वाक्य तेवढं गाळलं. मेरीचं बाळ पोटातच गेलं आणि पुढे तिला मूल झालंच नाही, हे.

फेब्रुवारीत माझंही गेलं होतं. अकराव्या आठवड्यात. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नसतं, म्हणून सांगितलं नव्हतं. मग गेल्याचं तरी कुणाला सांगणार? फक्त सौमित्रला माहीत.

एक गोष्ट त्यालाही नाही. दोन दिवसांनी फोनवर आधीच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आला. इथे त्यात मुलगा की मुलगी, तेही कळतं.

मुलगी.

मी फोन पालथा ठेवला. कुकर लावला.

तर तो गुरुवार. शाळेच्या हॉलमध्ये ही गर्दी. विल्यम होणारा कबीर तापानं घरी, त्यामुळे राणीशेजारची खुर्ची रिकामी. सौमित्रला मीटिंग होती. त्याच्यासाठी मी व्हिडिओ चालू केला आणि बटण दाबलं.

सलोनीनं कार्ड घडाघडा म्हटलं. थांबली. पुन्हा पुतळा.

मग हॉलमधला गोंगाट गेला...

लोकांची तोंडं हलत होती. ऐकू काही येत नव्हतं.

सलोनीचे ओठ मिटलेले.

आणि रिकाम्या खुर्चीकडून आवाज आला... लहान मुलीचा. मराठीत.

"ती मुलगी होती. आईनं बाबांना सांगितलंच नाही."

मी ओरडले नाही. घाबरलेही नाही. फोन तसाच धरून राहिले.

"बोला महाराणी!" आमच्या शेजारच्या पद्मजाकाकूंनी मागून येऊन बटण दाबलं. गोंगाट परत आला. सलोनी पहिल्यापासून सुरू झाली.

गाडीत मी विचारलं, "कार्ड संपल्यावर कोण बोललं गं?"

"नोबडी, आई. यू जस्ट स्टूड देअर."

घरी व्हिडिओ तीनदा पाहिला. कार्ड संपल्यावर सतरा सेकंद सलोनीचे मिटलेले ओठ, मागे गर्दीचा आवाज.

बाकी काही नाही.

संध्याकाळी सौमित्रनं पाहिला. हसत होता. मग हसू थांबलं. त्यानं व्हिडिओ मागे नेला, फोन कानाला लावला.

सलोनी वर खेळायला गेल्यावर त्यानं विचारलं, अगदी हळू...

"मुलगी होती?"

मी मान डोलावली. तो बराच वेळ माझा हात धरून बसला.

व्हिडिओ अजून आहे. त्याला दर वेळी ऐकू येतं म्हणे. तो तेवढ्याचसाठी लावतो.

मीही शेजारी कान देऊन बसते.

मला एकदाही आलेलं नाही.