अँब्रोज टकवेलचं तोंडी मृत्युपत्र

बार्नबी पेल गाडीच्या चाकाखाली उताणा पडून आस ठोकत होता, तेवढ्यात त्याला कुणाचेतरी चिखलानं माखलेले बूट दिसले.

"बार्नबीकाका, बाहेर या. बाबा गेले."

थॉमसिन टकवेल होती. बार्नबी सरपटत बाहेर आला.

"कधी?"

"आज पहाटे म्हणतात. मी नव्हते घरात. आणि जाताना सगळं माझ्या सावत्र भावाला, जर्विसला, दिलं म्हणतात. सगळं! चला ना."

"पोरी, मी शेतकरी माणूस. मी काय करू?"

"यंदा कॉन्स्टेबल तुम्हीच ना?"

होता खरा. आमच्या खोऱ्यात कॉन्स्टेबलकी पाळीनं यायची. वर्षभर स्वतःचं काम टाकून दुसऱ्याची भांडणं सोडवायची, त्याबद्दल मिळायच्या फक्त शिव्या. गेल्या सप्टेंबरात, मायकेलमसच्या सणाला, कॉन्स्टेबलची काठी बार्नबीच्या दाराशी आली, तेव्हापासून त्याचं एक काम धड पुरं झालं नव्हतं. त्यानं हातोडा गाडीत भिरकावला आणि कोट चढवला.

वाटेत थॉमसिननं सांगितलं. काल दुपारी सावत्र आईनं, डॉर्कसनं, तिला नदीपार ऑकलीला धाडलं, झाडपाल्याच्या बाईकडून खोकल्याचा काढा आणायला. उतारावर बर्फ धरला, म्हणून ती तिकडंच अडकली. आज दुपारी परत येते तर बाप पांढऱ्या चादरीखाली.

"मृत्युपत्र लिहिलं होतं का त्यानं?"

"नाही. तोंडी सांगितलं. चाकवाले स्टेसकाका आणि डॉबिनकाका साक्षीला. उद्या सकाळी पाद्रीबाबा त्या दोघांना बिशपच्या कोर्टात नेणार."

बार्नबीनं मनातल्या मनात शिवी हासडली. मरणाच्या दारातला माणूस दोन भल्या माणसांसमोर जे बोलेल ते कागदाइतकंच पक्कं. एकदा कोर्टानं शिक्का मारला की बोंबलून उपयोग नाही. आणि अँब्रोज काहीच न बोलता गेला असता, तर कायद्यानंच बायकोचा तिसरा हिस्सा काढून बाकी दोन्ही पोरांत सारखं वाटलं असतं.

"बाबांनी मला सांगितलेलं, दुभत्या गायी तुझ्या, आणि ह्या घरातून तुला कुणी हलवणार नाही."

"कुणासमोर?"

"माझ्यासमोर."

"तेवढ्यानं भागत नाही, पोरी."

तिनं शाल डोक्यावरून पुढं ओढली. मग म्हणाली, "जर्विस म्हणतो, कोर्टाचं झालं की तू तुझी वाट धर. जाईन मी, कुणाकडंही दूध काढीन. पण काका, बाबांनी माझं नावसुद्धा घेतलं नाही म्हणतात. एकदाही नाही. आजारपण मी काढलं त्यांचं. असं होईल?"

बार्नबीला वाटलं, होईलही. मरताना माणसं काहीही करतात.

टकवेलच्या ओसरीत सरपण वळचणीपर्यंत रचलेलं होतं. त्याच्या शेजारी एक टोपली पालथी, वर दगड, आणि आतून मांजर केकाटत होतं.

आत पलंगाचे पडदे बाजूला सारले होते. अँब्रोज उताणा, छातीवर मिठाची बशी. चुलाण्यात नुसती गार राख. मढं घरात असलं की आमच्याकडं जे जे करतात ते सगळं केलेलं होतं. मढ्याशेजारी जाळ राहिला, किंवा मांजर मढ्यावरून गेलं, तर वर्षाच्या आत त्याच घरातून दुसरं मढं निघतं. हे आमच्यात दुधपितं पोरसुद्धा जाणतं.

बार्नबीनं अँब्रोजचा हात उचलून पाहिला. लाकूड झालेला. पण असल्या गारठ्यात पहाटे मेला काय आणि आदल्या सांजेला मेला काय, हातावरून काही कळायचं नाही. त्यानं तो चिडूनच खाली ठेवला.

जर्विस दारात उभा राहिला. तेवीस वर्षांचा, बापाचेच खांदे.

"कॉन्स्टेबलला कुणी बोलावलं? चोरी झालीय का इथं?"

"तुझ्या बहिणीनं बोलावलं. कधी गेला बाप?"

"उजाडता उजाडता. स्टेस आणि डॉबिन घरी गेले, त्यानंतर लगेच."

"त्या दोघांना तू बोलावलंस?"

"बाबांनीच सांगितलं, दोन माणसं आण, मला बोलायचंय."

"आणि थॉमसिनला काहीच नाही?"

"मी काय त्यांच्या तोंडात शब्द घालू? तिला दिलं असतं तर मला आनंदच होता."

"तो दिसतोय मला," थॉमसिन म्हणाली.

"बघा! रडायचं सोडून गायी मोजतेय."

"मोजते, कारण धार मी काढते. तुला कुठली गाय कुठली हे तरी कळतं का रे?"

"पुरे!" बार्नबी ओरडला. "वहिनी कुठं आहेत?"

डॉर्कस दुधाच्या खोलीत स्टुलावर बसली होती. डोळे सुजलेले.

"वहिनी, तुम्ही ऐकलंत ते बोलले ते?"

"नाही हो भाऊजी. मी मागं होते." तिचा घसा पार बसला होता, शब्द खरवडल्यासारखे निघत होते. "रडत होते. माझ्यानं बघवत नव्हतं."

"आवाजाला काय झालं?"

"रडून रडून बसला."

बार्नबी परत फिरला. एकानं ऐकलं, दुसरीनं नाही, आणि त्याच्या हाती भोपळा.

बार्नबी गेला तेव्हा वॉल्टर स्टेस चाकाचा आरा तासत होता. त्यानं मान वर केली नाही.

"तू माझ्या तोंडावर मला खोटारडा म्हणायला आलायस का?"

"नाही रे बाबा. काय ऐकलंस तेवढं सांग."

"जर्विस अंधारात बोलवायला आला. गेलो. पलंगाचे पडदे ओढलेले, खिडकीच्या फळ्या लावलेल्या. उजेड डोळ्यांना सोसत नाही म्हणे. आतून अँब्रोज बोलला. गुरं, धान्य, जमिनीचा भाडेपट्टा, सगळं माझ्या जर्विसला. दोनदा बोलला."

"आवाज त्याचाच?"

"मरणाऱ्याचा आवाज कसा असतो? खरखरत होता. महिनाभर खोकतोय तो माणूस."

"तोंड पाहिलंस?"

"पडदा म्हटलं ना! मेल्या, ऐकतोयस का तू?"

"मग पुढं?"

"मग काय, जर्विसनं बिअर ओतून दिली. निम्मी माझ्या बुटावर. ओतायचीही अक्कल नाही त्या पोराला. प्यालो, घरी आलो. बायबलवर हात ठेवून सांगीन उद्या. जा आता, मला काम आहे."

बार्नबीलाही होतं. दोन खोटारडे असते तर एकाला एक भिडवून फोडले असते. पण ही दोन सरळ माणसं! सरळ माणसांनी त्याला जेवढा ताप दिला तेवढा चोरांनी कधी दिला नव्हता.

ह्यू डॉबिनच्या घरी तो पोहोचला तेव्हा अंगात त्राण उरलं नव्हतं. डॉबिन चुलीत शिरायचाच काय तो बाकी होता. अंगावर दोन घोंगड्या.

"ये, बस. हाडं अजून वितळली नाहीत सकाळपासनं."

"तू पण तेच सांगणार ना? पडदा, खरखर, सगळं जर्विसला?"

"तेच. मी म्हटलं, जरा हात तरी धरतो दोस्ताचा, तर जर्विस आडवा आला. बाबांना त्रास होतो म्हणे."

"आणखी काही?"

"नाही. ओसरीत त्या टोपलीला अडखळून पडणार होतो, तेवढंच. आतलं मांजर असं फिसकारलं! आणि गारठा रे बाबा. बोलायला तोंड उघडलं की वाफ. बिअरवर बर्फाचा पापुद्रा धरलेला. स्टेसला विचार, त्याचे दात कसे वाजत होते. तिथनं आलो तो असा बसलोय."

बार्नबीनं हात शेकायला पुढं केले होते, ते तसेच राहिले.

"पुन्हा सांग."

"काय? दात?"

"मांजर. तुम्ही गेलात तेव्हा टोपलीखाली होतं? जाताना, का येताना?"

"जाताना. अंधारात. म्हणून तर अडखळलो."

बार्नबी उठला. "घोंगड्या काढ आणि चल. वाटेत स्टेसला आणि पाद्रीबाबांना घेऊ."

"पुन्हा त्या थंडीत? डोकं फिरलं का तुझं?"

"दिवसभर फिरलेलंच होतं. आत्ता जाग्यावर आलं."

अर्ध्या तासात सगळे टकवेलच्या खोलीत उभे होते. पलंगाच्या एका बाजूला थॉमसिन, दुसऱ्या बाजूला जर्विस. डॉर्कस दाराशी. पाद्रीबाबा हात चोळत म्हणाले, "बार्नबी, हे काय चाललंय? माणसाला नीट मरू तरी द्या."

"तेच विचारायचंय, बाबा. कधी मेला तो. जर्विस, डॉबिन आणि स्टेस आले तेव्हा तुझा बाप जिवंत होता?"

"ते तिथं उभे होते. त्यांनाच विचार."

"मग चुलाण्यात जाळ का नव्हता? फेब्रुवारीतली पहाट. खोकल्यानं फुटलेली छाती. आणि खोली अशी की धडधाकट माणसं कुडकुडत होती."

"सरपण संपलं होतं."

"ओसरीत वळचणीपर्यंत रचलंय."

स्टेसनं दाराकडं पाहिलं. त्यानं पण येताना ते पाहिलं होतं.

"म्हणजे, धूर," जर्विस म्हणाला. "बाबांना धुराचा त्रास व्हायचा."

"खोटं!" थॉमसिन म्हणाली. "रात्रभर जाळ मागायचे ते. मीच उठून लाकूड घालायची."

"बरं, धूर तर धूर. मग मांजर टोपलीखाली का होतं? त्याचाही धूर व्हायचा का?"

जर्विसनं आईकडं पाहिलं.

"मी सांगतो," बार्नबी म्हणाला. "जिवंत माणसासाठी कुणी चूल विझवत नाही, मांजर कोंडत नाही. हे दोघं इथं आले तेव्हा अँब्रोज मेलेला होता. आदल्या रात्रीच. वाटणीचा एक शब्द न बोलता गेला, म्हणजे थॉमसिनला जर्विसइतकाच वाटा मिळणार. म्हणून त्याला उजाडेपर्यंत जिवंत ठेवायचं ठरलं."

"मेलेला माणूस बोलला का?" स्टेस गुरगुरला. "मी कानांनी ऐकलंय."

"ऐकलंस ते खरंच. तू खोटा नाहीस. आता सांग, ह्या घरात तू इतक्या वर्षांत जेवढ्या वेळा आलास, बिअर कुणी ओतली?"

"डॉर्कसवहिनींनी. दुसरं कोण ओतणार?"

"आज कुणी?"

स्टेसनं बुटाकडं पाहिलं. मग हळूच दाराकडं.

"बाहेरचं माणूस दाराशी आलं आणि घरधनीण पेला घेऊन आली नाही, असं ह्या गावात होतं का? नवरा मरत असला तरी नाही. जर्विस तुमच्याशेजारी उभा होता, म्हणजे बोलणारा तो नाही. थॉमसिन नदीपार. वहिनी, रडून एवढा घसा बसत नाही. बाप्याचा आवाज काढून बसतो. तुम्ही ह्या पडद्याआड होता."

"तिथं जागा एकच आहे," पाद्रीबाबा पुटपुटले. मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि त्यांनी छातीवर हात घेतला.

"हो. त्याच्याशेजारी."

जर्विस ओरडला, "आई, बोलू नकोस! ह्याच्याकडं काही पुरावा नाही. राख आणि मांजर!"

"गप रे," डॉर्कस त्याच फाटक्या आवाजात म्हणाली. "मी तुला तेव्हाच म्हटलेलं, हे जमायचं नाही." ती भिंतीला टेकून खाली बसली. "हा म्हणाला, जाळ राहू दे, नाहीतर लोकांना संशय येईल. माझ्यानं झालं नाही हो. ह्यांच्याशेजारी निजले, ह्यांचा आवाज काढला, ते सगळं केलं. पण पेटत्या चुलीपाशी मढं? वर्षात माझा जर्विस गेला असता तर? हा झोपला तेव्हा मी चुलाण्यात पाणी ओतलं. मांजर पण मीच कोंडलं."

"लेकासाठी केलंस ना?" डॉबिन म्हणाला. "आणि मला माझ्या दोस्ताच्या नावावर खोटं सांगायला लावलंस. उद्या बायबलवर हात ठेवणार होतो मी!"

जर्विस दाराकडं सरकला, तर स्टेस आधीच तिथं उभा. पाद्रीबाबांनी सांगितलं, तोंडी मृत्युपत्र काही झालंच नाही. कायद्यानं वाटे पडतील, थॉमसिनचा वाटा थॉमसिनला. आणि ह्या दोघांचं काय करायचं ते न्यायाधीश ठरवतील.

म्हणजे बार्नबीला आता ह्या मायलेकांना घेऊन तालुक्याला जाणं आलं. गाडी अजून तशीच मोडून पडलेली. त्यानं कपाळाला हात लावला.

थॉमसिन मात्र हलली नव्हती. तिनं भावाकडं पाहिलंही नाही. ती डॉर्कससमोर जाऊन उकिडवी बसली.

"आई. ते खरंच काही बोलले नाहीत?"

डॉर्कसनं तोंड फिरवलं.

"तुला माझी शपथ. आता तुझं काय जायचंय? मला फक्त सांग."

"बोलले," डॉर्कस म्हणाली. "रात्री. ठिपकी व्याली का, म्हणून विचारत होते. मी म्हटलं, मला काय ठाऊक. तर म्हणाले, थॉमसिनला विचार, तिची गाय आहे ती. मग पुन्हा तेच, तिची आहे, तिची आहे. मग श्वास लागला."

बार्नबीनं कपाळावरचा हात काढला. अँब्रोज टकवेलचं खरं मृत्युपत्र हे होतं. आणि ते ऐकलं एकाच बाईनं, जिची साक्ष आता कुठलंही कोर्ट घेणार नव्हतं. ठिपकीसुद्धा वाटणीच्या यादीत चढणार होती. त्याला वाटलं, कुणाच्यातरी टाळक्यात हाणावं, पण कुणाच्या ते समजेना.

थॉमसिन उठली. पलंगाशी गेली आणि बापाच्या कानाशी वाकली.

"व्याली, बाबा," ती म्हणाली. "दुपारीच. कालवड झालीय."