शेजारच्या बाल्कनीतले काका

बाल्कनीत आपल्याशिवाय कोणी नाही, या भरवशावर ती अगदी मनापासून गुळण्या करत होती... खळखळून, सूर लावून. तेवढ्यात मधल्या पांढऱ्या फळीपलीकडून कोणीतरी खोकलं आणि तिच्या हातातला पेला हिंदकळला.

"चालू द्या," पलीकडून एक घोगरा, पार बसलेला आवाज आला. "तुमच्या झाल्या की मी सुरू करतो. एकदम केल्या तर लोकांना वाटेल, जहाजात पाणी शिरलं."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सॉरी हं, काका," ती पुटपुटली.

पलीकडे हसू खोकल्यात दाबलं गेलं. मग आवाज म्हणाला, "हरकत नाही." झालं. त्या एका 'काका'नं पुढचा सगळा घोटाळा करून ठेवला.

आता तिचं तरी काय चुकलं, सांगा. जहाजावर घशाची साथ आली होती. ताप, घशात काटे, आवाज बसलेला. डॉक्टरीणबाईंनी आजारी माणसांना वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या खोल्यांत एकेकटं ठेवलं होतं. तिला या लांबच्या सफरीवर ओढून आणणारी आत्या मात्र ठणठणीत. आत्या खाली पत्ते कुटत होती आणि फोनवरून आज जेवायला काय काय होतं ते रसभरीत वर्णन करून भाचीचा जीव जाळत होती. अशात फळीपलीकडचे काका म्हणजे मोठाच आधार.

एरवी ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. चेहरा बघितला की या नाकावर कुठली फ्रेम बसेल ते तिला लगेच कळायचं. इथे चेहराच नाही, नुसता आवाज. तिला चैन पडेना. तुमचा चष्मा गोल, जाड काड्यांचा, दोरीला अडकवलेला असणार, असं तिनं ठोकून दिलं. काका हसता हसता खोकत सुटले. चष्माच नाही म्हणाले. मग ती खोदून खोदून विचारायला लागली. एकटेच आहात? घरी कोण असतं? काका सगळ्या प्रश्नांना बगल द्यायचे. या जहाजावर माझं बरंच येणं-जाणं असतं, एवढंच सांगायचे आणि उलट तिलाच विचारायचे, ताप किती, काय खाल्लं, झोप लागली का. तीही सांगत बसायची. काकांपुढे कसला आलाय संकोच?

म्हणून तर ते गुपितही तिनं सांगून टाकलं.

रोज सकाळी स्पीकरवरून जो सुप्रभात म्हणायचा, समुद्र कसा आहे ते सांगायचा, त्या आवाजावर ती फिदा होती. चेहरा बघितला नव्हता, नाव ठाऊक नव्हतं, तरीही. साथ आली आणि तो आवाज गेला. आता दुसराच कोणीतरी हवामान असं सांगतो, जणू समुद्रानं त्याचं घोडं मारलंय.

"हसू नका, काका. मी त्या आवाजाच्या प्रेमातच पडलेय, असं समजा."

काका हसले नाहीत. नुसतं म्हणाले, "आणि तो आवाज परत आलाच नाही तर?"

"म्हणजे?"

"काही नाही... सहज."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या घशाच्या गोळ्या संपल्या. माझ्याकडच्या घ्या, म्हणत काकांनी कठड्याच्या टोकाशी वाकून फळीच्या कडेनं हात पुढे केला. तिनं बघितलं... आणि बघतच राहिली. सुरकुती नाही, डाग नाही. लांब बोटं, घट्ट मनगट. हा हात कुठल्याच बाजूनं काकांचा नव्हता. तिनं गोळ्या घेतल्या नाहीत, मनगटच धरलं.

"वय किती तुमचं?"

"तुमच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असेन," पलीकडचा आवाज चाचरत म्हणाला. "आणि... सकाळी सुप्रभात म्हणणारा मीच."

तिनं मनगट सोडलं. कानशिलं तापली, आणि ती काही तापानं नव्हे. इतके दिवस काका म्हणू दिलंत, आणि मी वेड्यासारखी काय काय बोलत बसले, असं तिनं त्याला चांगलंच सुनावलं.

त्यानं ऐकून घेतलं. "आधी गंमत वाटली. मग तुम्ही त्या आवाजाबद्दल बोललात आणि माझा धीर सुटला. आवाज परत येईल की नाही, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. उद्या बंदरात मला उतरवून मोठ्या रुग्णालयात नेणार आहेत. तुम्हाला आवडलेला माणूस कदाचित राहिलाच नसेल. उरलाय तो हा... घोगरा काका."

तिनं आत जाऊन दार लावून घेतलं. खूप राग आला होता. पण या रागात इतकं रडू का येतंय, याचंच तिला कुतूहल वाटायला लागलं. तिनं डोळे मिटून सकाळचा तो सुरेख आवाज आठवून बघितला. आठवेना. कानात येत होता तो घोगराच... ताप किती? काय खाल्लंत? ती धावत बाल्कनीत आली, हाका मारल्या. उत्तर नाही. संध्याकाळी तिचा ताप बघायला आलेल्या डॉक्टरीणबाईंकडून कळलं, त्याला आता बंदर येईपर्यंत आणि पुढेही एक शब्द बोलायची परवानगी नव्हती.

सकाळी तिला खोलीबाहेर पडायची मोकळीक मिळाली. केसही न विंचरता ती उतरायच्या दाराशी पोचली. गळ्याला मफलर गुंडाळलेला एक तरुण पिशवी घेऊन उभा होता. ती समोर येताच त्यानं तोंड उघडलं.

"बोलायचं नाही," ती म्हणाली. "आज मी बोलणार, तू ऐकणार." तुम्हीचं तू कधी झालं, ते तिलाही कळलं नाही. "तो सकाळचा आवाज मला आवडायचा, खरंय. पण काल तो आठवून बघितला, तर तूच आठवत राहिलास. मला तू आवडतोस. परतताना जहाज याच बंदरात थांबणार आहे. मी उतरेन. तू येशील?"

त्यानं लगेच मान डोलावली.

"आवाज आला नाही, तरी?"

आता मात्र मान थांबली. तो पाण्याकडे बघत राहिला. मागून डॉक्टरीणबाई त्याला चला चला म्हणत होत्या. ती हलली नाही. अखेर त्यानं पिशवी खाली ठेवली, मफलर सैल केला, तिचा तळहात उचलून आपल्या गळ्यावर ठेवला, दुखत होतं तिथेच. आणि तिच्याकडे बघत मान हलवली... हो.

तो उतरून गेला तरी ती तो हात मुठीत मिटून उभी होती. पत्त्यांचा डाव अर्ध्यावर टाकून आलेली आत्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिनं हळूच विचारलं, "कोण गं तो?"

"परतताना ओळख करून देते," ती म्हणाली.