फळीवरचं बंद कुलूप

इन्स्पेक्टर बाई पोहोचल्या तेव्हा फरशी धुऊन झाली होती. साबणाचाच कारखाना, धुण्याला काय तोटा! मोठ्या मिक्सरच्या पोटात शिरून पाती दुरुस्त करणारा फिटर जागच्या जागी गेला होता. ज्याने बटण दाबलं तो ऑपरेटर भिंतीला टेकून बसला होता. तो फिटरचा सख्खा मेव्हणा.

बाईंना वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. असली यंत्रं बघून बघून त्यांच्या आतलं काहीतरी बधिर झालं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि कामाला लागल्या.

"सरळ आहे, बाई," सुपरवायझर म्हणाला. "कुलूप न लावताच आत शिरला. हे बघा, अजून कुलपांच्या फळीवरच आहे."

नियम साधा होता. यंत्रात शिरायच्या आधी मुख्य खटका पाडायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं, किल्ली खिशात ठेवायची. बाहेर आल्यावर ज्याचं त्यानेच काढायचं. फिटर दोन आणि कुलपंही दोनच. दुसरा फिटर सकाळपासून बॉयलरवर होता आणि त्याचं कुलूप तिकडे होतं.

फळीच्या खिळ्यावर लाल कुलूप लटकत होतं, बंद. त्यावर गुलाबी नखपॉलिशचा टिपका होता, फिटरच्या लेकीची करामत.

"किल्ली?"

"त्याच्या खिशात मिळाली. किल्ली घेतली आणि कुलूप विसरला. घाई, दुसरं काय!"

बाई ऑपरेटरसमोर स्टूल ओढून बसल्या.

"खटका कुणी वर केला?"

"मीच."

"दाजी आत आहेत हे माहीत नव्हतं?"

"जेवायच्या सुट्टीत हाक मारली होती. म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच. परत आलो तर खटक्याला कुलूप नाही. मला वाटलं, काम आटोपून हात धुवायला गेले. कुलूप निघालं म्हणजे माणूस बाहेर, असंच शिकवलंय आम्हाला." त्याच्या आवाजात काही चढउतार नव्हता. "मी बघितलं होतं, बाई. कुलूप नव्हतं."

"हे बहिणीला सांगितलंत?"

"ती माझ्याशी बोलत नाही."

बहीण ऑफिसात बसली होती. रडत नव्हती. समोरचा चहा गार झाला होता.

"ते आणि कुलूप विसरणार?" ती म्हणाली. "दाराची कडी लावली तरी तीनदा ओढून बघायचे. पण सगळेच म्हणतायत, चूक त्यांची. उद्या लेक विचारेल, तर मी काय सांगू? बाबा वेंधळे होते, की मामाने न बघता बटण दाबलं?"

बाई उठल्या. त्या ट्रेनिंग मास्तरांकडे गेल्या. कामगारांना सुरक्षेचे धडे देणारे हे गृहस्थ, डोळे लाल, खिशात खडू.

"या कुलपांना दुसरी किल्ली असते?"

"असते, पण कुलूप देतानाच मी मोडून टाकतो."

"सुट्टीत कुठे होतात?"

"नव्या लोकांचा वर्ग घेत होतो. कँटीनच्या मागच्या खोलीत. घंटा झाली तरी चालूच होता."

सुपरवायझर तेव्हा कुठे होता? जेवत होता, आणि चौघे त्याच्या ताटाशेजारी होते.

नव्यांपैकी एक मुलगी सांगू लागली. "आमचा पहिलाच दिवस हो! मास्तरांनी छान समजावलं. कुलूप हातात दिलं, फिरवून फिरवून दाखवलं. मी म्हटलंसुद्धा, कुणीतरी हौसेने गुलाबी रंगवलंय."

एवढ्यात दुसरा फिटर बॉयलरवरून कुलूप काढून आला. बाईंनी ते मागून घेतलं. कुलूप उघडं, किल्ली आतच. त्यांनी किल्ली ओढली. येईना. दांडी दाबून बंद केली, तेव्हा कुठे ती निघाली.

"सगळ्यांना बोलवा," त्या म्हणाल्या. "ऑपरेटरच्या बहिणीलाही."

मागच्या खोलीत सगळे जमले. भिंतीवर सुरक्षेच्या पाट्या होत्या. बाईंनी दोन्ही कुलपं टेबलावर ठेवली.

"हे कुलूप उघडं असेल तर किल्ली सोडत नाही. म्हणून न वापरलेलं कुलूप फळीवर उघडं असतं, किल्ली त्यातच. फिटरचं मात्र बंद होतं आणि किल्ली खिशात होती. म्हणजे त्याने ते लावलं होतं. कुठे? तो ज्या यंत्रात शिरला, त्याच्याच खटक्याला. आत असलेल्या माणसाला बाहेरचं कुलूप काढता येत नाही. कुणीतरी दुसऱ्या किल्लीने काढलं. नंतर ते उघडं टांगलं असतं, तर ती दुसरी किल्ली त्यातच अडकून सगळ्यांना दिसली असती. म्हणून बंद करून टांगलं."

त्या मास्तरांकडे वळल्या.

"सुट्टीत हे कुलूप याच खोलीत हातोहात फिरत होतं. गुलाबी टिपक्यासकट. मास्तर, किल्ल्या मोडल्या नाहीत ना तुम्ही?"

मास्तरांनी खिशातून जुडगा काढून टेबलावर ठेवला. खडूचा भुगा सांडला.

"लोक किल्ल्या हरवतात, म्हणून ठेवल्या. वर्गात दाखवायला वेगळं कुलूप द्या म्हणून सुपरवायझरकडे मागून मागून थकलो. वाटलं, सुट्टी आहे, सगळे जेवायला गेलेत. वर्ग संपला की परत घालू. पण त्याआधीच..." त्यांनी डोळे मिटले. "ओरडा ऐकू आला. मी घाबरलो. फळीवर टांगलं."

"आणि त्याच्या माथी दोष जाऊ दिलात. वर्गात काय शिकवत होतात तेव्हा?"

मास्तरांनी भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं.

"दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही."

सुपरवायझरने मान खाली घातली. बाईंना राग यायला हवा होता. तोही आला नाही. त्या बहिणीकडे वळल्या.

"तुमच्या नवऱ्याने कुलूप लावलं होतं. आणि तुमच्या भावाने खटक्याला हात घालण्याआधी कुलूप बघितलं होतं. दोघांनीही शिकवलं तसंच केलं. लेकीला हेच सांगा."

ऑपरेटरने वर पाहिलं नाही. बहीण उठली, त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. त्याने मार खायची तयारी असल्यासारखी मान आखडून घेतली.

"दादा," ती म्हणाली, "सकाळपासून काही खाल्लंस का?"

"भूक नाही."

"मलाही नाही. चल, घरी पोरगी एकटी आहे."

तो उठेना, तेव्हा तिने त्याचा हात धरून त्याला उठवलं. बाई दाराशी उभ्या होत्या. दोघांना जाऊ द्यायला त्या बाजूला सरकल्या.