शेंदराखालचा रंग

यंदाच्या बगाडाला बैल तेच होते, दगडी चाकांचा गाडाही तोच. फक्त शीड लाकडाचं नव्हतं. नवस फेडणाऱ्या बगाड्याला ज्याच्या टोकाला बांधून उंच फिरवतात, तो लांब खांब केतकीने आपल्या प्रयोगशाळेत कार्बनचे धागे आणि राळ यांपासून घडवला होता. राळेत डोळ्यांना न दिसणाऱ्या कुप्या होत्या. आतले धागे तुटू लागले की त्या फुटत आणि खांबावर तांबडा डाग उमटे. तिने त्याला नाव दिलं होतं, जखमरंग.

"लोखंडाचं का नाही केलंस?" गुरवकाकांनी विचारलं.

"फार जड होतं, काका. पण लोखंड आधी वाकतं, ताणलं जातं, मग तुटतं. हे वाकत नाही. आतल्या आत धागे जातात आणि एकदम मोडतं. म्हणून डाग दिसला की थांबायचं."

बगाड्या तिचा धाकटा भाऊ रणजीत होता. नवस आईचा.

"तायडे, मला पाडलंस तर बघ हां!"

"गप रे. तुझ्यासारखे चार पेलेल ते."

गुरवकाकांनी शेंदराचं ताट पुढे केलं. "शिडाला पहिला हात तुझा. आजवर कुठल्या बाईला हा मान मिळाला नाही."

नको म्हणावं, असं केतकीच्या ओठांवर आलं होतं. पण सारा गाव बघत होता, आई पदराने डोळे टिपत होती. नवंकोरं शीड, एका दिवसात काय होतंय? तिने हात ताटात बुडवला. मागून गावाचे हात आले. शीड टोकापर्यंत शेंदरी झालं.

गाडा निम्मं शिवार ओलांडून गेला आणि शीड मोडलं. आधी साधं करकरलंही नाही.

शेंदूर लागल्यावर गाड्यावर चढवताना ते चाकाच्या दगडावर आपटलं होतं, हे मागाहून कळलं. वर ओरखडा नव्हता, म्हणून कुणी बोललं नाही. लाकूड असतं तर खरंच काही झालं नसतं.

तेरावं झाल्यावर आई प्रयोगशाळेत आली. केतकी तेलाच्या फडक्याने मोडका तुकडा पुसत होती.

"त्याला कळलं असेल का गं, मोडायच्या आधी?"

"नाही, आई. वेळच नव्हता."

आईने मान हलवली. मग ती तुकड्यावर वाकली, तिथल्या तांबड्या डागाला बोट लावून तिने ते कपाळाला टेकवलं.

"एवढं घासतेस, तरी हा शेंदूर कसा जात नाही गं?"