बघून दिलेला पास

"अकरा," माझ्या मागून कुणीतरी म्हणालं.

मी साताऱ्याच्या एका कॉलेजच्या नळावर तोंड धूत होते. आमचा सांगलीचा बास्केटबॉल संघ नुकताच वीस गुणांनी हरला होता आणि त्यात सिंहाचा वाटा माझा होता. वळून पाहिलं, तर स्कोअरशीट लिहायला बसलेला मुलगा. कानावर पेन, डोळ्यांत हसू.

"काय अकरा?"

"अकरा वेळा बॉल घालवला तुमी. मोजायचं कामच हाय माझं."

"मोजून झालं असेल तर तो टॉवेल द्या इकडं."

त्यानं टॉवेल दिला, पण गेला मात्र नाही. "तुमी ज्याला पास देणार, त्याच्याकडं आधी टक लावून बघता. समोरच्या पोरींचं सोडा, गेटवरच्या चहावाल्यालाबी कळतंय बॉल कुठं जाणार ते."

मला राग आला... आणि तो गेटबाहेर जाईपर्यंत मी त्याच्याकडे टक लावून बघत होते, हेही खरं.

मी पॉइंट गार्ड. बॉल पुढे न्यायचा आणि ज्याची त्याला संधी पोचवायची, हे माझं काम. मी मात्र तो समोरच्यांना आंदण देत होते. आमच्या सरांनी बजावलं होतं, असंच चाललं तर बाकावर बस. म्हणून आठ दिवसांनी त्याचा नंबर मिळवून मीच त्याला मेसेज केला – शिकवाल का?

त्याचं नाव ऋषिराज, आणि तोही त्याच्या कॉलेजचा पॉइंट गार्ड होता. तो साताऱ्याहून येणार, मी सांगलीहून, म्हणून साधारण मधलं मलकापूर ठरलं. तिथल्या एका शाळेमागे कोर्ट होतं, एका रिंगला जाळी नव्हती. दर रविवारी आम्ही तिथे भेटायला लागलो. दोन रविवारांत 'तुमी'चं 'तू' झालं.

"बघायचं एकीकडं, द्यायचं दुसरीकडं," तो सांगायचा. "नजरेनं फसवायचं असतंय."

"मला फसवता येत नाही."

"शिकवतो की."

श्रावणात एकदा ऊन असतानाच सर आली. बॉल ओला झाला, हातातून सटकायला लागला. त्यानं तो आपल्या टी-शर्टला पुसला आणि छातीशी धरून उभा राहिला.

"आता का बघतीस माझ्याकडं?"

"पास द्यायचाय तुला."

"बॉल तर माझ्याकडं हाय."

"मग... दुसरं काहीतरी द्यायचं असेल."

त्याचे कान लाल झाले. पोरगा लाजला की इतका गोड दिसतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याच रविवारी वडापाव खाताना मी त्याला सांगून टाकलं. माझं आडनाव मोरे. मोरे म्हटलं की लोक आपापल्या सोयीनं जात समजून घेतात. आम्ही बौद्ध. माझे बाबा शाळेत शिकवतात, आणि घरात शिरणाऱ्या प्रत्येकाला 'जय भीम' म्हणतात.

"मला काय फरक पडतोय?" तो म्हणाला आणि माझ्या हातातली मिरची उचलून खाल्ली. मी त्या मिरचीवर चार रात्री जागले.

ऑक्टोबरात सांगलीला आमची उपांत्य फेरी होती. तोवर मी सुधारले होते. एका सामन्यात तीनदाच बॉल घालवला. आदल्या रविवारी ऋषिराज म्हणाला, "आईला आणतोय. सांगलीत मावशीकडं दोन दिवस मुक्काम हाय, तुझा सामनाबी बघंल. फक्त... मोरे एवढंच सांग. बाकी कायबी बोलू नको. सवयीनं जय भीम घालशील, तर नमस्कार कर. एकदा तू पसंत पडलीस की सांगू सावकाश."

"सावकाश म्हणजे कधी?"

"लग्न झाल्यावर. तवा कोण काय करतंय?"

लग्न म्हणाला तो. मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. मी "बरं" म्हणाले. त्या 'बरं'ची मला आजही लाज वाटते.

सामन्याच्या दिवशी ते दोघे लवकरच आले. आई दिसायला साधी, हसरी. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "उन्हातनं आलीया गं, पाणी हाय का जरा?" मी माझी बाटली दिली.

"कुठलं मोरे म्हणायचं तुमी?" झाकण काढत त्यांनी विचारलं. "जावळीकडलं? म्हंजी आपल्यातलीच की पोर."

त्यांच्यामागे उभा राहून ऋषिराज मान हलवत होता. हो म्हण, हो म्हण. एक शब्द. मला तो मुलगा इतका हवा होता की तो शब्द जिभेवर आलाही होता. पण ती बाई माझ्याकडे इतक्या मायेनं बघत होती, की तिला फसवायला मला जमेना.

"नाही, काकी," मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले. "आम्ही भिलवडीकडचे. बौद्ध आहोत."

बाटली ओठांपाशी थांबली. त्यांनी झाकण लावलं, नीट फिरवून घट्ट केलं आणि बाटली माझ्या हातात दिली.

"राहू दे. तहान न्हाई एवढी."

आवाज चढला नाही, कपाळाला आठी नाही. त्या जाऊन लांबच्या पायरीवर बसल्या.

ऋषिराजनं मला खांबाआड ओढलं. "कशाला बोललीस? ठरलं हुतं न्हवं आपलं?"

"ठरलं होतं. नाही जमलं."

"आजून काय बिघडलं न्हाई. जा आणि म्हण, चेष्टा केली. हसत म्हण. पटंल तिला."

मी त्याच्याकडे बघितलं. तो खरंच सांगत होता... त्याला वाटत होतं, यातून मार्ग निघाला.

"ऋषी, तू मला लय आवडतोस," मी म्हणाले. चार महिने हे म्हणायचं राहिलं होतं. "ही चेष्टा नाही आणि मघाशी आईंना सांगितलं तीही नव्हती. तू जाऊन सांग आईला. माझ्यादेखत सांग, की तुला माहीत होतं."

तो आईकडे बघत राहिला. मला वाटलं, जाईल. खरंच वाटलं. मग त्यानं खाली ठेवलेली पिशवी उचलली.

"साडेतीनची गाडी हाय आमची," तो म्हणाला.

माझा सामना चारला होता.