एकटीसाठी सुटणारी तर

प्रेम आणि सरकारी तोटा या दोन गोष्टी जगात कोणालाही आवरता आलेल्या नाहीत. हरेश्वर कारकुनाला त्या दुपारी साधी जांभईसुद्धा आवरत नव्हती.

सन एकोणीसशे एकतीस. आगरदांड्याहून दिघीला खाडीपार जाणारी सरकारी तर, म्हणजे उतारूंची होडी, तोट्यात होती. ती ठेकेदाराला द्यावी की सरकारी खर्चाने चालू ठेवावी, हे ठरवायला हरेश्वरने पंधरा दिवस धक्क्यावर बसून उतारू मोजायचे होते. बाळंतपणाला निघालेल्यांकडून होडी वल्हवणारा रशीद तांडेल भाडं घेत नसे, ही जुनी रीत. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच वहीत एकोणचाळीस बाळंतपणं जमली. त्यातलं एक शेळीचं होतं.

खरी सुईण एकच – तुळशी. ती एकटीच होडीत चढली तेव्हा हरेश्वरने हटकलं. एका माणसासाठी तर सोडणं परवडत नाही, म्हणाला.

"मग तुम्ही बसा. दोन होतील."

तो बसला… आणि मग रोजच बसू लागला.

वल्ह्यांचं पाणी तिच्या पावलांवर उडे, ती पाय मागे घेत नसे, आणि हरेश्वर वहीत बघायचं विसरे. ठेकेदाराची अटही तिने त्याच्याच तोंडून काढून घेतली : बारा उतारू भरल्याशिवाय होडी सुटणार नाही.

"आणि पोटातल्या पोराला काय सांगू? अजून सात जण यायचेत, थांब?"

अहवालात त्याने लिहिलं, रस्त्याला कोणी नफा विचारत नाही. ही तर पाण्यावरचा रस्ताच आहे, खर्च सरकारने सोसावा. कचेरीने ते मान्य केलं, आणि असं लिहिणाऱ्याची म्हसळ्याला बदली केली.

म्हसळ्याला निघायच्या आदल्या दिवशी, दिघीहून परतताना, त्याने तिला हे सांगितलं. तिसरा उतारू नव्हता. रशीद फार मन लावून डोंगर बघू लागला.

"म्हसळ्यात बायका बाळंत होत न्हाईत?" तुळशीने विचारलं.

हरेश्वरला हे कळायला अर्धी खाडी गेली. "पण… इथलं कोण बघणार?"

"जनी. माझ्या हाताखाली शिकली. आता माझ्यापरीस बरी हाय."

"मग ही तर मी कोणासाठी वाचवली?"

"दिघीच्या बायांसाठी. माझ्यासाठी वाचवली असती तर लबाडी झाली असती."

हरेश्वरने दहा दिवस घोकलेलं वाक्य काढलं. "तुळशी, मला तुम्ही…"

"कळलं." एका अडलेल्या बाईपाशी ती दोन दिवस जागी होती. "आता जरा सरका. पाठ टेकते. धक्का आला की उठवा."